कोपऱ्यातली दोरी

मी एक कॅमेरा आहे आणि मी हलणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको.

पोलंडमधल्या एका खेड्यात, अग्निशमन केंद्राच्या छपरावर मला बसवलंय. समोर विजेच्या खांबावर करकोच्यांचं घरटं आहे. माझ्यामुळे ते जगभरातल्या लोकांना इंटरनेटवर घरबसल्या दिसतं. करकोच्यांच्या चोचींची टकटक ऐकू यावी म्हणून मला कानही दिलाय. लोक जेवताना बघतात, ऑफिसात चोरून बघतात, पिल्लांची बारशी करतात आणि चित्राखाली लिहून लिहून एकमेकांशी भांडतात.

बसवणाऱ्याने मला जरा तिरकं बसवलं. त्यामुळे डाव्या कोपऱ्यात ब्रोन्याबाईंचं अंगण आणि कपड्यांची दोरी यायची.

ब्रोन्याबाईंची मुलगी हालिना जर्मनीत म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली. जाताना मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं. "घरदार टाकून चाललीस ना? मग फोन करू नकोस," असं बाई म्हणाल्या आणि त्या शब्दाच्या पक्क्या. फोन वाजला की नुसता वाजू द्यायचा.

थंडीत करकोचे आफ्रिकेला गेले तसे प्रेक्षकही पांगले. रिकामं घरटं कोण बघणार? एकटी हालिना रोज सकाळी यायची. चित्राखाली लिहायची, "आज निळी चादर. आई बरी दिसते." करकोचे परतल्यावर कुणीतरी तिच्यावर खेकसलं, "ताई, आम्ही इथे पक्षी बघायला येतो."

"बघा की. मी कुठे आडवी आलेय?" हालिना आईच्याच वळणावर गेलेली.

ही गोष्ट गावात लपते थोडीच? ती ब्रोन्याबाईंच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवसापासून त्या डोक्याला फुलाफुलांचा ठेवणीतला रुमाल बांधून अंगणात यायला लागल्या. धुणं नसलं तरी कोरडीच चादर झटकून दोरीवर टाकायच्या आणि जाताना माझ्याकडे टक लावून बघायच्या.

मग सरपंच झेनोन बिथरला. "सगळं जग आपलं गाव बघतंय आणि कोपऱ्यात मावशीचे परकर वाळतायत! शोभतं का हे?" त्याने शिडी लावली आणि मला जरा उजवीकडे वळवलं; घरटं मधोमध आणि मागे चर्चचा मनोरा.

मला भयंकर राग आला. माझा स्क्रू जुना होता. वारा सुटल्यावर मी मान सैल सोडली आणि पुन्हा अंगणाकडे फिरलो. त्याने परत वळवलं, मी परत फिरलो. "भूत शिरलंय ह्याच्यात!" म्हणत त्याने शेवटी लोखंडी पट्टी आणली आणि मला करकचून आवळलं. त्यापुढे माझं काही चालेना.

हालिनाने लिहिलं, "कोपरा कुठे गेला? माझी आई दिसत नाही. कुणी सांगेल का?" दुसऱ्या दिवशीही तेच. माझा जीव तुटत होता, पण उत्तर द्यायला मला तोंड नाही.

ब्रोन्याबाई अंगणात आल्या असणार. माझी फिरलेली मान त्यांना दिसली असणार. कारण त्याच दिवशी त्या दोरीचे दोन्ही खांब ओढत थेट माझ्यासमोर आल्या. अग्निशमन केंद्राच्या हिरवळीत, घरट्याच्या बरोबर खाली त्यांनी खड्डे खणले आणि खांब रोवले. चित्राच्या अगदी मधोमध.

झेनोन धावत आला. "मावशी, ही सार्वजनिक जागा आहे!"

"करकोच्यानं घरटं बांधताना तुझी परवानगी घेतली होती का रे?"

"अहो, सगळ्या जगाला तुमचे परकर दिसतील!"

"दिसू देत. धुतलेले आहेत."

बाईंनी चादर टाकली, चिमटे लावले आणि माझ्याकडे वर बघितलं. आवाज खणखणीत होता. "हालिना, मी फोन उचलणार नाही. पण तू बघत जा."

हालिनाने खाली एवढंच लिहिलं, "निळी चादर."

आता झेनोन रोज शिडी लावून वर येतो. मला परत फिरवायला बघतो, घाम गाळतो. पण त्यानेच आवळलेली पट्टी गंजून अशी घट्ट बसलीय की पाना घसरतो. तेव्हा प्रेक्षकहो, करकोचे बघायला खुशाल या. चादर आड आली तर थोडं थांबा. कारण मी हलणार नाही.