साडूनं दिलेला लॅपटॉप

माझा साडू पडदे विकतो. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. म्हणजे आहे, ढीगभर आहे, पण एकही चारचौघांत सांगता येत नाही, कारण माणूस चांगला आहे. हीच पहिली तक्रार.

मी लॅपटॉप दुरुस्त करतो. बावीस वर्षं झाली. खाली दुकान, वर घर. आणि माझ्या एकुलत्या एक लेकीला लॅपटॉप कुणी दिला? तर या पडदेवाल्यानं. स्वतः गाड्यांच्या शर्यती खेळायला घेतला होता. पुढं मान धरली, डॉक्टरांनी खेळ बंद करायला लावला, तर यानं तो उचलला आणि थेट हिच्या मांडीवर आणून ठेवला. "घे गं, माझी मान गेली, तुझं तरी काम होऊ दे." पोरीनं त्याला मिठीच मारली. मी तिथंच उभा होतो, चहाचा कप घेऊन. कपाला कोण मिठी मारणार?

बरं, मला ती 'अहो बाबा' म्हणते आणि त्याला 'अरे काका'. वडिलांना अहो-जाहो करायचं हे वळण माझ्या आईनं लावलं. मावशीच्या नवऱ्यापर्यंत ते वळण पोचलं नाही. "काका, तू ना अगदी वेडा आहेस," असं ती त्याला दिवसातून चारदा म्हणते. मला आजवर एकदाही वेडा म्हणाली नाही. हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग मी म्हणत जाऊ का?" अशा घरात कुणाकडे दाद मागायची सांगा.

तर त्या रविवारची गोष्ट. लेक सकाळी दहाला पाठीवर बॅग टाकून जिना उतरत होती. मी खाली दुकानाचं शटर अर्धं उघडून नुसताच बसलो होतो.

"कुठं निघालीस?"

"काकाकडे." मग हळूच म्हणाली, "लॅपटॉप बंद पडतोय सारखा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लॅपटॉप बंद पडतोय, बाप लॅपटॉपवाला, दुकान पायाखाली, आणि पोरगी चालली पडदेवाल्याकडे! "तो काय करणार? झालर लावणार त्याला?" मी म्हणालो. "आण इकडे."

तिनं बॅग दिली, पण अशी दिली की जणू मी पोलीस आहे. चार मिनिटांची फिल्म बनवली होती तिनं, ॲनिमेशनची. आठ महिने राबली होती. ती त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत संस्थेकडे पाठवायची होती, तरच प्रवेशासाठी नाव पुढं जाणार. नाहीतर वर्ष गेलं. चित्रं सगळी झाली होती, शेवटचा दीड मिनिटाचा भाग तेवढा मशीनवर शिजून, म्हणजे चित्रांची जोडून फिल्म होऊन, बाहेर पडायचा राहिला होता. पण लॅपटॉप दहा मिनिटांत तापायचा, पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन उठायचे आणि फट्‌कन बंद. माझ्या दुकानात पंचवीस लॅपटॉप पडलेत, पण सगळे पत्रं टाइप करणारे. असलं काम झेपेल असं ग्राफिक्स कार्ड एकातही नव्हतं.

"काय केलंस याला?" मी विचारलं.

हा माझा पहिला प्रश्न. प्रत्येक गिऱ्हाइकाला असतो. मशीन आपण होऊन बिघडत नाही, कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, आणि ते आधी कळलं की अर्धं काम होतं. पटतंय ना? मला तर बावीस वर्षं पटत आलंय.

"काही नाही केलं," लेक म्हणाली.

म्हटलं, ठीक आहे. आज दाखवतोच. दुपारपर्यंत हा लॅपटॉप असा पळवतो की हिनं काकाचं नाव काढता कामा नये.

खालचं झाकण उघडलं. दोन्ही पंख्यांच्या तोंडाशी धुळीची घट्ट गादी बसलेली. चिमट्यानं ओढली तर अख्खी निघाली. "बघ, हे काकाच्या घरचं दिसतंय. पडद्याचे धागे आहेत यात," मी म्हणालो. ती हसली नाही. मग तांब्याची नळी सोडवली. चिपवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ही पेस्ट चिपची उष्णता नळीकडे पोचवते. वाळली की चिप भाजत बसते. सगळी पुसली, नवी लावली. एका पंख्याची पाती घासत होती, तो बदलला. हात असा चालत होता माझा की काय सांगू! लेक शेजारी स्टुलावर बसून नखं खात होती.

साडेअकराला सुरू केला. पहिली पाच मिनिटं झकास. मी खुर्चीत मागं रेलून हाताची घडी घातली. सातव्या मिनिटाला चिप शहाण्णव अंशांवर गेली आणि चौकोन आले. फट्‌.

आता मला घाम फुटला. ग्राफिक्सचं ड्रायव्हर मुळापासून काढून नवं टाकलं. तेच. बाहेरचा मॉनिटर जोडून पाहिला, त्याच्यावरही तेच चौकोन, म्हणजे स्क्रीन किंवा वायरचा दोष नाही. मेमरीची पट्टी बदलली. तेच. सव्वाबारा वाजले. हात टेकले मी.

"चिपच गेलीय," मी म्हणालो. "ही बदलायची म्हणजे बोर्ड बाहेर पाठवायला लागेल. आठवडा तरी जाईल."

आणि खरं सांगतो, लाज वाटते पण सांगतो, हे बोलताना मला आत कुठंतरी बरं वाटलं. म्हणून पुढचंही बोलून गेलो: "मालच तसला होता. फुकट दिलेल्या वस्तूचं काय एवढं कौतुक करत होतात सगळे?"

पोरीचे डोळे भरले. ती उठली आणि जिन्याकडे गेली. मी तिच्या मागं निघालो, समजूत काढायला म्हणून. जिन्याच्या दाराशी पोचलो तर आत तिचा फोन लागलेला. स्पीकरवर.

"काय झालं गं?" साडूचा आवाज.

बस, एवढंच. काय झालं. आणि पोरगी धबधब्यासारखी बोलायला लागली.

ग्राफिक्स कार्डच्या पोटात एक छोटी फाइल असते, बायॉस म्हणतात तिला. कार्डनं किती वीज ओढायची, किती पळायचं, ते तिच्यात ठरलेलं असतं. काम लवकर उरकावं म्हणून हिनं दोन आठवड्यांपूर्वी इंटरनेटवरून कुठल्याशा मोठ्या कार्डची फाइल उतरवून यात घातली होती. म्हणजे सात वर्षांच्या म्हाताऱ्याला कुणीतरी पैलवानाचा खुराक सुरू केलेला. तो तापणार नाही तर काय! जुनी फाइल पेन ड्राइव्हवर जपून ठेवली होती, पण परत घालताना मध्येच अडकलं तर कार्ड कायमचं जातं, हेही तिनं वाचलं होतं, म्हणून धजत नव्हती.

"मग हे बाबांना सांग की," साडू म्हणाला. "ते चुटकीसरशी करतील. मला यातलं ओ की ठो कळत नाही, बाळा."

"नको. त्यांना काही सांगायचं म्हणजे चौकशी आयोग बसतो. आधी 'काय केलंस', मग 'कशाला केलंस', मग 'मला विचारलं होतंस का'. दुरुस्ती राहते बाजूलाच. त्यांच्यासमोर ना, मला काहीच नीट येत नाही असं वाटतं." मग म्हणाली, "तू ये ना."

"निघालोच."

मी दारामागं उभा होतो. कुणी तोंडात मारावी तसा. आधी राग आला. मग वाईट वाटलं. पण या दोन्हींच्या वर काय आलं माहीत आहे? आता तो येणार, येऊन सांगणार, 'दादा, असं असं आहे,' आणि लॅपटॉप मी दुरुस्त केला तरी वाचवला त्यानंच असं होणार. हे मला सहन होईना. एखादा बाप असा विचार करतो का? मी केला. बोटांच्या टोकावर चालत दुकानात परत गेलो आणि स्क्रीनपुढं बसलो.

ती डोळे पुसत आली तेव्हा मी भुवया आवळून म्हणालो, "थांब जरा. या कार्डाच्या बायॉसचा नंबर बघ. हा या मॉडेलचा नाहीच. कुठून आला हा?"

पोरगी जागच्या जागी थिजली. मग खिशातून पेन ड्राइव्ह काढून माझ्यापुढं धरला. "मी बदललं होतं," म्हणाली. आयोगाची वाट बघत होती बिचारी.

मी एकही प्रश्न विचारला नाही. काय विचारणार? सगळी उत्तरं ऐकूनच बसलो होतो. "असू दे," म्हणालो. "चार्जर घट्ट लाव. आणि टेबलाला हात लावू नकोस."

फाइल परत घातली. दीड मिनिट लागलं. स्क्रीन काळी झाली, काळीच राहिली, लेकीनं माझा खांदा गच्च धरला. मग उजेड आला. एकही चौकोन नाही. काम सुरू केलं, दहा मिनिटं गेली, वीस गेली, चिप शहात्तरच्या वर जाईना. पंखे एका सुरात चालले होते. एक वाजला होता, आणि तीन तासांत फिल्म होणार होती.

"बाबा! तुम्ही ग्रेट आहात!" ती म्हणाली. हे वाक्य मी अठरा वर्षं दुसऱ्याच्या वाट्याला जाताना ऐकत आलो होतो.

तेवढ्यात साडू धापा टाकत शटरखालून वाकून आत आला. मानेला पट्टा तसाच. खांद्यावर मोजायची टेप, म्हणजे गिऱ्हाईक सोडून आला होता. लेक उड्या मारत त्याला म्हणाली, "काका, बाबांनी शोधून काढलं! आपण होऊन! मी काही सांगायच्या आधीच!"

साडूनं माझ्याकडं बघितलं. मग जिन्याच्या दाराकडं बघितलं, पोरगी नेहमी तिथूनच त्याला फोन करते. मग परत माझ्याकडं. त्याला कळलं. अगदी लख्ख कळलं.

"तरी मी म्हणत होतो," तो म्हणाला. "दादांच्या नजरेतून काही सुटत नाही." आणि माझी पाठ थोपटून, घोटभर पाणी पिऊन, आल्या पावली परत गेला. बघा, आहे की नाही! खोटेपणातही हा मनुष्य माझ्यापेक्षा मोठ्या मनाचा निघाला. मी त्याच्यावर इतका कधीच जळलो नव्हतो.

सव्वाचारला फिल्म झाली. आम्ही दोघांनी बघितली. चांगली होती, फार चांगली होती. मला ती अशी काही करू शकते याची कल्पना नव्हती, आणि त्याला बहुतेक होती. शेवटी काळ्या पाटीवर एक ओळ आली: 'विशेष आभार, काका.'

"अय्या, हे बदलायचं राहिलं," लेक म्हणाली. "पाटी तेवढी परत करायला दोन मिनिटं लागतील." तिनं 'काका' पुसलं आणि तिथं 'बाबा' लिहिलं. ज्यासाठी मी वर्षानुवर्षं झुरलो ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. मी गप्प बसलो. नुसता गप्प नाही, खूश होऊन गप्प.

मग ती म्हणाली, "आता काही झालं ना, तर मी तुमच्याकडेच येणार. काकाला सगळं सांगत बसावं लागतं. तुम्हाला सांगावंच लागत नाही. तुम्हाला आपलं आपण कळतं."

किती प्रेमानं म्हणाली! सांगावंच लागत नाही. म्हणजे ही आता मला जन्मात काही सांगणार नाही. जे सांगायचं ते त्याला सांगेल, आणि माझ्याकडं यंत्रं घेऊन येईल. मीच कमावलं होतं हे, दारामागं उभं राहून.

साडेचार वाजले होते.

"काकाचं नाव परत टाक," मी म्हणालो.

"का?"

"मला कळलं नव्हतं. मी दारामागं उभा होतो. ऐकलं सगळं."

तिचे हात कीबोर्डवरच राहिले. "सगळं? आयोगाचंसुद्धा?"

"आयोगाचंसुद्धा."

"मग ओरडला का नाहीत?"

काहीतरी बापासारखं बोलायला हवं होतं. "तो ओरडत नाही म्हणून," मी म्हणालो. "तू सगळं त्याला सांगतेस. मला बघवत नाही ते. जळतो मी."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग स्क्रीनकडं वळून तिनं काकाचं नाव परत लिहिलं, माझंही राहू दिलं, आणि पाचला दहा मिनिटं कमी असताना फिल्म पाठवून दिली.

माझं नाव खाली होतं. बरोबरच होतं ते. तरीही झोंबलं.