मोरीवरची कोरफड

"उपट ते झाड! आत्ताच्या आत्ता उपट!" साळुबाईचा आवाज राजुरीच्या वेशीपर्यंत गेला असेल. "इखारी हाय ते. पोरीचा हात बघ कसा झालाय!"

वैजयंतीनं लेकीचा, श्रेयाचा हात मांडीवर घेतला होता. कोपरापर्यंत लालभडक गांध्या. आळेफाट्याच्या डॉक्टरानं मलम दिलं, तरी पोर कळवळत होती. टोमॅटो तोडून हाताला खाज सुटली, म्हणून आजीनं, साळुबाईनंच मोरीवरची कोरफड कचकन तोडली आणि पिवळ्या चिकासकट घासली. ना धुतली, ना सोलली. आता कांगावा सुनेवर.

झाड वैजयंतीनं माहेराहून, खोडदहून आणलं होतं. जागा मागितली तर सासरे दादाभाऊ म्हणाले, "मोरीवर लाव. फुकटचं पाणी." आणि त्याच मोरीवर सगळं घर थुंकायचं. सासूची मिसरी, सासऱ्याची तंबाखू, पहाटेचे खाकरलेले बेडके. वर औषध फवारणीचा पंपही तिथंच खळबळून धुवायचे. हिरव्या पातीवर तांबडे ओघळ वाळून बसलेले. बोललं तर म्हातारा म्हणायचा, "झाडाला काय किळस येती व्हय?"

"आत्याबाई, झाड इखारी न्हाई," वैजयंती म्हणाली. "पात तोडून उभी ठेवायची, चीक गळू द्यायचा. धुवून, सोलून निस्ता गर घ्यायचा. त्योबी आधी इवलासा लावून बघायचा. अन् झाड चांगल्या जागंवर पायजे."

"आली मोठी वैदीण!"

ओट्यावर दादाभाऊ गाल चोळत बसले होते. यात्रेसाठी दाढी केलेली, वस्तऱ्यानं गाल चरचरत होते. "आमच्या बापजाद्यांनी हेच लावलं. कुणाची कातडी गळाली?"

वैजयंती उठली. मोरीवरची सगळ्यात जाड पात कापली आणि तशीच, तांबड्या ओघळासकट, औषधाच्या पांढऱ्या डागासकट, सासऱ्याच्या नाकापुढं धरली.

"घ्या मामा. लावा गालाला."

दादाभाऊंनी मान मागं ओढली. "शी! थुकीची?"

"तुमचीच हाय की. घरची थुकी."

"लांब कर ती! वकारी येतीय मला!"

"तुमाला बघून वकारी येतीय. माझ्या पोरीच्या अंगाला मातूर चालली!"

श्रेया रडता रडता फिसकन हसली. साळुबाईनं तोंडाला पदर लावला.

सांजच्याला वैजयंतीनं झाड उपटून उकिरड्यावर टाकलं. त्याचं एक पिलू तेवढं मुळं धुवून, बुडाला भोकं पाडलेल्या डब्यात, वाळू-मातीत लावलं. डबा ओट्याच्या कडेला, उन्हात. "नवी पानं फुटून जाड हुईस्तोवर कुणी हात लावायचा न्हाई," तिनं बजावलं.

सकाळी दादाभाऊ गाल फुगवून ओट्याच्या कडेला आले. सवयच ती. खाली डबा. डब्याशेजारी विळा घेऊन सून.

"थुका की मामा. फुडल्या दाढीला हेच लावायचंय."

म्हाताऱ्यानं मोरीकडं पाहिलं. मोरी लांब. सुनेकडं पाहिलं. आणि तोंडातलं सगळं घटकन गिळलं.

दुपारपर्यंत उचकी थांबेना. साळुबाई पाण्याचा तांब्या घेऊन मागं मागं. "कोण बया एवढी आठवण काढतंय?"

"मोरी काढत असंल," वैजयंती म्हणाली.