डावं सिलिंडर

दुपारी दोन वाजता थोरली लेक बॅग घेऊन जिना उतरून गॅरेजात आली, तेव्हा गाडीचं डावं सिलिंडर काढून बाकावर ठेवलेलं होतं.

सकाळीच गाडी सुरू झाली होती. महायुद्धानंतरची ही जर्मन मोटरसायकल बापलेकीने गंजक्या सांगाड्यापासून उभी केली होती. इंजिनाची दोन सिलिंडरं दोन बाजूंना बाहेर आलेली, म्हणून गॅरेजात कामाची वाटणीही तशीच: डावं लेकीचं, उजवं बाबांचं. दुसऱ्याच्या नटाला पाना लावायचा नाही, हा बाबांचाच कायदा. गाडी सुरू झाली की थोरलीने परगावच्या नोकरीवर जायचं, हेही ठरलेलं. उद्या हजर व्हायचं होतं. बस चारची.

"माझ्या बाजूला हात कुणी लावला?"

"टकटक येत होती," बाबा म्हणाले.

"सकाळी नव्हती."

"तुझं चित्त बॅगेत होतं."

"दादा, गाडीत नाही, तुझ्याच छातीत टकटक होतेय," दारातून आत्या म्हणाली.

"तू आत जा."

आत्या हलली नाही.

थोरलीने पिस्टनवरून बोट फिरवलं. त्याच्याभोवतीच्या कड्यांपैकी वरची रिंग तुटली होती, कड ताजी, चकचकीत. सिलिंडरच्या आत मात्र एक ओरखडा नव्हता. म्हणजे रिंग इंजिन चालताना नव्हे, सिलिंडर काढताना तुटली. पिस्टनला खालून हाताचा आधार न देता सिलिंडर ओढलं की असंच होतं. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं.

"नवी रिंग परदेशातून मागवावी लागेल," बाबा म्हणाले. "महिना जाईल. बसवून मग जा."

"तुम्ही बसवा."

"डावी बाजू तुझी."

"काढताना नव्हती का माझी?"

बाबा फडक्याने हात पुसत राहिले. बोटं कधीच कोरडी झाली होती.

"मुद्दाम केलंत?"

"चाळीस वर्षं हेच करतोय मी. रिंगा मुद्दाम तोडीन?"

"मग आधार का नाही दिलात?"

बाबांनी फडक्याची घडी घातली.

"अगं, निघ तू," आत्या म्हणाली. "नाहीतर उद्या उजव्या बाजूला टकटक येईल."

बाबा उठले आणि त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं. ऊन डोळ्यांवर येतंय म्हणाले.

पावणेचार वाजले तेव्हा बॅग थोरलीच्या खांद्यावर होती, हातात इंजिनावरून सोडवून घेतलेला डावा पिस्टन होता. शटर तसंच अर्ध्यावर होतं. बाहेर पडायचं तर वाकावं लागणार होतं. ती वाकली.