महाराजांचा नाही म्हणणारा संगणक

नेरच्या बाजारामागच्या रिकाम्या गोदामात त्या सकाळी त्रेसष्ट माणसं, एक टेबल, एक जुना संगणक, कीबोर्डवर वाहिलेली चार झेंडूची फुलं आणि अंजनाच्या बाटल्यांचे दोन खोके होते.

"प्रश्न मोठ्यानं विचारा," भारत महाराज सांगत होते. "मंग वय टाका, एन्टर दाबा. हो का नाही, ते तुमचं बोट नाही सांगनार. ज्यानं बोटं देल्ली, तो सांगन."

पडद्यावर ओळ यायची, 'हो असेल तर H, नाही असेल तर N दाबा.' कोणी काही दाबण्याआधीच खाली उमटायचं, 'आदेश: नाही.' गर्दी हात जोडायची.

माझ्या शेजारच्या लीलाबाईंचा नंबर आला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सोमवारी यवतमाळला शस्त्रक्रिया ठरलेली. "आपरेशन करू काय?" त्यांनी विचारलं. त्यांचे यजमान मारोतराव यांनी ६८ टाकून एन्टर दाबला. आदेश: नाही.

"झालं. दवाखान्यात फोन करून रद्द करतो," मारोतराव म्हणाले. "अंजन घेऊ."

"काका, थांबा. मी बसल्यापासून सतरा प्रश्न झाले. सतराही वेळा नाही."

"मंग? देव काय तुले इचारून हो म्हनीन?"

"पोरगी बीएस्सी हाय, तिले सारं समजते," मागून कोणीतरी टोमणा मारला.

सतराही प्रश्न एकाच घाटाचे होते. डॉक्टरकडे जाऊ का, इंजेक्शन घेऊ का. उलटा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. मी तो लीलाबाईंच्या कानात सांगितला. त्या हसल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "महाराज, तुमचं अंजन डोळ्यात घालू काय?"

महाराजांचा हात कीबोर्डकडे आला, पण मारोतरावांनी सवयीनं ६८ टाकून एन्टर दाबलाही होता. आदेश: नाही.

"देवाले मस्करी चालत नाही," महाराज म्हणाले.

"मस्करी नाही. आता मी त्याला हो म्हणायला लावते." मी ६८ टाइप केलं, मध्ये एन्टर न दाबता त्याला चिकटूनच H, मग एन्टर. आदेश: हो.

मागचे लोक टेबलापाशी सरकले. मी सांगितलं ते एवढंच. हा प्रोग्राम सी भाषेतला. संगणकाला एन्टर हेही एक अक्षरच. वय वाचणारी सूचना फक्त आकडे उचलते, एन्टर तसाच मागे पडून राहतो. पुढची सूचना एक अक्षर मागते, तेव्हा तिच्या हाती तो शिळा एन्टर येतो. तो H नाही, म्हणून उत्तर 'नाही'. मी एन्टरच्या आधीच H ठेवला, म्हणून 'हो'. पहिल्या वर्षी आमच्या निम्म्या वर्गाची हीच चूक झाली होती. सरांनी आम्हाला ओरडून ती काढायला लावली; महाराजांनी तिला फुलं वाहिली.

"हे भाच्यानं बनवलं," महाराज बाटल्या खोक्यात भरत म्हणाले.

भाच्यानं लिहिलेली फाईल त्याच संगणकात होती. अक्षर वाचणाऱ्या ओळीत %c च्या आधी मी एक मोकळी जागा टाकली. त्यामुळे उरलेला एन्टर ओलांडला जातो. प्रोग्राम नव्यानं कंपाइल करून पुन्हा वय टाकलं. पडदा प्रश्नापाशी थांबला.

"आता काहून नाही बोलून राह्यला?" मारोतरावांनी विचारलं.

"तुमची वाट पाहतोय, काका."

यंत्र आपोआप बोलायला लागलं, तर हात जोडण्याआधी त्याला उलटा प्रश्न विचारून पाहा. प्रश्न फिरला तरी उत्तर तेच राहत असेल, तर ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही.

मारोतरावांनी H दाबलं नाही, N सुद्धा नाही. ते लीलाबाईंचा हात धरून उठले. "सोमवारी पयली गाडी किती वाजता हाय, पोरी?"

शस्त्रक्रियेनंतर पंधराव्या दिवशी लीलाबाईंनी उजव्या डोळ्यानं तपासणीच्या तक्त्यावरच्या सातपैकी सहा ओळी वाचल्या.