बुवांची खुर्ची

नारदाच्या गादीला डोकं टेकवायचं, कुणाचा हात न धरता उठायचं, मग उभ्यानं कीर्तन करायचं. यशवंतबुवांना वडिलांनी असंच शिकवलेलं. पण दत्तजयंतीला डोकं वर आलं आणि गुडघे काही उठेनात. पेटीवर साथ करणाऱ्या शेखरनं काखेत हात घालून त्यांना उभं केलं. तेव्हापासून रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मंदिराची मंडळी प्रेमानं म्हणू लागली, "बुवा, चैत्रातल्या उत्सवाले खुर्ची ठेवून देतो."

ती खुर्ची बुवांच्या जिवाला लागली.

भाची ऋता नवा रायपूरच्या एका दवाखान्यात रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायची. रविवारी ती आली तशी बुवांनी तक्रार मांडली, "डॉक्टरनं साखरेचं दुखणं सांगितल्यापासून रोज सकाळी तळ्याला चक्कर मारून राहिलो. मग पायांनी काहून दगा द्यावा?"

"मामा, चलना बंद मत करना. चालताना साखर खर्च होतेच. पण ती भरून ठेवायचं कोठार म्हणजे मांड्यांचे स्नायू, ते तुमचं आटलंय. त्याला जोर हवा. एक दिवसाआड खुर्चीतून हात न टेकता उठा, बसा."

"तूही खुर्चीच आणली का गं?"

"बरं, मग देवापुढे नमस्कार घाला, पुन्हा पुन्हा."

"हट् पोट्टी! वाकायचं देवापुढं अन् लक्ष मांड्यांवर? ते मले जमायचं नाही. खुर्चीच बरी."

देव उगाच साक्षीदार नको म्हणून बुवांनी खुर्ची गच्चीवर नेली. पहिल्याच दिवशी दम लागेस्तोवर उठबस केली, बोट टोचून साखर पाहिली आणि घाबरून फोन लावला.

"अगं, व्यायामानं साखर वाढली! हे काय उफराटं?"

"जोर लावला की लिव्हर थोडी साखर सोडतं, मामा. थोड्या वेळानं उतरेल. मग स्नायू ती उद्यापर्यंत ओढून घेत राहतात. अन् खिशात खडीसाखर ठेवा. कधी चालता चालता एकदम उतरलीच तर तोंडात टाकायला."

रात्रीच्या जेवणानंतर बुवांच्या पत्नी गोदावरीबाई चपला पुढ्यात ठेवायच्या. "झालं जेवण? चला गल्लीच्या टोकापर्यंत. बसल्या बसल्या पेंगता नुसते." दोघं हळूहळू जाऊन यायची. गच्चीवर एक दिवसाआड उठबस, रात्री ही चक्कर, थंडी अशीच सरली.

चैत्रात मंदिर भरलं. कोपऱ्यात मंडळींनी कबूल केलेली खुर्ची होतीच, वर धुतलेली चादर घातलेली. बुवांनी गादीला डोकं टेकवलं. पेटी थांबली. शेखरचा हात नकळत पुढे झाला.

बुवांना त्या घटकेला मांड्या आठवल्या नाहीत, साखरही नाही. वडिलांचा आवाज तेवढा कानात होता. पाय सावकाश रोवले गेले, अंग वर आलं, आणि पायातल्या घुंगरांनी सगळ्यांना कळवलं की बुवा उभे आहेत.

"काय बघून राहिला, शेखर? सूर दे."

गोदावरीबाईंनी डोळे पुसले, उठल्या आणि सरळ जाऊन त्या खुर्चीवर बसल्या.

"रिकामी काहून ठेवायची?" त्या म्हणाल्या. "इथून छान दिसतात."