रूटचा शेल

रूटचा शेल बदलला, ही भाच्याची पहिली चूक. कुणाला सांगितलं नाही, ही दुसरी.

शेल म्हणजे काय, तर खात्यात शिरलं की तुमच्या आज्ञा ऐकायला बसलेला प्रोग्रॅम. आणि रूट म्हणजे सर्व्हरचा मालकच. त्याचा शेल जुनाट, अगदी ठोकळा. बाण दाबला तर मागची आज्ञासुद्धा परत यायची नाही. भाच्याने बाहेरून मस्त रंगीबेरंगी शेल आणून बसवला. स्वतःच्या खात्याला तोच, रूटलाही तोच. नोकरी पक्की व्हायला पंधरा दिवस राहिले होते.

सोमवारी सकाळी अपडेट झालं आणि त्या शेलला लागणारी एक लायब्ररी, म्हणजे जोडीची फाइल, उडाली. शेल सुरूच होईना. पासवर्ड बरोबर, तरी रूट दारातूनच परत. भाच्याच्या खात्याचंही तेच. अपडेटनंतर सर्व्हरवरचं काम रूटनेच सुरू करायचं, त्यामुळे शेजारच्या हॉलमध्ये चाळीस माणसं हातावर हात ठेवून बसलेली.

मामा मागच्या खुर्चीत चहा पीत होते. त्यांनीच त्याला इथे चिकटवलं होतं. ऑफिसात मात्र 'सर' म्हणायचं, अशी तंबी होती.

"सर, काहीतरी करा ना."

"कर की तू. तुझी आई सांगत फिरते ना, पोरगं मामाच्या वरताण निघालं म्हणून?"

पाऊण तास गेला. मध्ये मामा फोनवर बोलायला बाहेर जाऊन आले. मग मॅनेजरबाई येऊन उभ्या राहिल्या. भाच्याच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. तेव्हा कुठे मामांनी कप ठेवला, कीबोर्ड ओढला आणि वेगळ्याच नावाने आत शिरले. अडीअडचणीसाठी ठेवलेलं खातं. अधिकार रूटइतकेच, शेल तोच जुना ठोकळा. दोन मिनिटांत सगळं चालू.

"याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा," म्हणून बाई गेल्या.

"तुम्हाला माहीत होतं?" भाच्याने विचारलं.

"बदललास त्याच दिवशी. कुठल्या खात्याला कुठला शेल, ते लिहिलेली फाइल रोज सकाळी वाचतो मी."

"मग बोलला का नाहीत, मामा?"

"सर."

मामांनी कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला.

"बस इथे. रूटला जुना शेल दे."

दिला.

"आता तुझं खातं. शेलच्या जागी नोलॉगिन टाक."

ते टाकलं की त्या खात्याला दार कायमचं बंद. भाच्याची बोटं अडली.

"आईला काय सांगू?"

"मघाशीच केला तिला फोन, तू घाम पुसत होतास तेव्हा. स्पेलिंग बघून टाक."