मला जपले, तिथेच चुकले

मित्रांनो, मी मोजे विणणारे एक जुने यंत्र आहे. जुने असूनही माझ्या अंगावर एक ओरखडा नाही. लोक त्याचे कौतुक करतात, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

भाड्याने यंत्रे देणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात माझे पहिले दिवस गेले. तिथला विक्रेता सांगायचा, की एक यंत्र भाड्याने गेले की चार हातांना काम मिळते, ते काम पाहून बँक कर्ज देते, आणि असे करत करत गाव वर येते, देशही वर येतो. झाले, देश वर काढायला निघाल्याच्या ऐटीत मी मोजेवाल्या काकांच्या पत्र्याच्या खोलीत येऊन बसले.

माझी अनामत भरायला त्यांनी आपले हातयंत्र विकले होते. काका मला चालवत, काकू माल तपासत, काकूंची बहीण मोज्यांची टोके शिवायची. बँकेच्या मॅनेजर बाई येऊन मला पाहून गेल्या. वर्षभर भरपूर माल काढून दाखवलात, तर यंत्र विकत घ्यायला आणि आणखी दोघींना कामावर ठेवायला कर्ज देऊ, असे त्यांनी कबूल केले.

पण मागून आणलेली वस्तू होती तशी परत करावी, हे काकांच्या हाडीमाशी खिळलेले. शेजाऱ्याची शिडी आणली तरी ते पुसून परत देत. मी तर चांगले लाखमोलाचे! दोन तास चालवले की दोन तास मला विसावा मिळे. शाळेच्या मोज्यांची मोठी ऑर्डर आली, तीही त्यांनी परतवली; मशीन दमेल म्हणाले. भाडे मात्र पुरते चालू होते.

काकू एकदा म्हणाल्या, "अहो, भाडं आपण चालवायचं देतो, पुसायचं नाही."

"दुसऱ्याची वस्तू आहे. उद्या कुणी बोट दाखवायला नको," काका म्हणाले.

खरे सांगते, मला ते लाड आवडत होते. याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते.

वर्ष सरले. मॅनेजर बाईंनी मालाचा हिशेब पाहिला आणि विचारले, "एवढं चांगलं मशीन, आणि एवढाच माल?" कर्ज नाकारले गेले. भाडे थकले होते, म्हणून कंपनीचा तपासनीस मला न्यायला आला. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली.

"काका, इतकं जपलेलं मशीन मी आजवर पाहिलं नाही."

काकांचा चेहरा उजळला. मागे काकूंची बहीण आपली कात्री पिशवीत ठेवत होती. तिच्याकडे कुणाचेच लक्ष नव्हते.

मित्रांनो, भाड्याचे यंत्र परक्याचे असते, पण त्याचे दिवस तुमचे असतात. त्याला तेल द्या, तुटलेली सुई बदला आणि त्याला पोटभर काम द्या. मी झिजले असते, तर त्या खोलीत आज पाच जण कामाला असते.